बाळंतपणातलं वारं

यान घराण्याच्या काळ्या मलमाचं नाव नदीच्या दोन्ही काठांवर होतं, आणि त्याच घराण्याची मालकीण स्वतःच्या गुडघ्यांना मधमाश्या चाववून घेत होती. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर दुकानाला टाळंच लागलं असतं. हलवायाच्या आईने शेजारच्या दुकानातून लाडू आणून चोरून खावेत, त्यातलीच ही गत.

म्हातारीचं म्हणणं सरळ होतं. जन्मभर मलम लावून गुडघ्यांची कातडी इतकी निबर झाली की आता वरून नाल ठोकली तरी कळायचं नाही. मधमाशी चावली म्हणजे आपल्याला गुडघा आहे एवढं तरी समजतं. म्हणून पलीकडच्या काठावरचा पेई बांबूच्या नळीत माश्या घालून मागच्या दाराने यायचा. हा माणूस मोहरी फुलली की मोहरीमागे, बाभळी फुलल्या की बाभळींमागे आपल्या पेट्या घेऊन हिंडायचा, पण हल्ली कुठे काही फुललं नसलं तरी तो यानांच्या ताओपिंग गावातच दिसायचा. दार उघडायला म्हातारीची धाकटी सून युनशू असायची. म्हातारी दातात रुमाल धरून डोळे घट्ट मिटायची, युनशू वाकून गुडघ्यातले काटे उपटायची, आणि पेई युनशूकडे बघत बसायचा.

पेईची बायको मूलबाळ न होताच गेली होती. युनशूचा नवरा, म्हणजे म्हातारीचा धाकटा, पुरात होडी उलटून गेला त्याला चौथं वर्ष चालू होतं. त्याच्याआधी त्यांची मुलगी गेली होती, रांगायला लागली आणि गेली. त्या घरात तिचं नाव कोणी काढत नसे, युनशूच काय ती मनातल्या मनात काढायची.

म्हातारी डोळे मिटायची ते दुखतं म्हणून की त्या दोघांच्या सोयीसाठी, हे तिने शेवटपर्यंत कोणाला कळू दिलं नाही. वसंतात तिचे गुडघे बरे झाले होते हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तेव्हा ती टेकडीवरच्या देवळात चढून गेली होती. पेई मात्र उन्हाळ्यातही येत राहिला.

शेवटी जे व्हायचं तेच झालं. थोरला मुलगा बोशान एके दिवशी चहाच्या दुकानातून वेळेआधी घरी परतला, पत्त्यांत हरला होता म्हणून. त्याला मागच्या दारातून बाहेर पडणाऱ्या पुरुषाची, त्या पेट्यावाल्या पेईची, पाठ दिसली आणि कडीला हात लावून उभी असलेली भावजय दिसली. ती हसत होती. नवरा गेल्यापासून तिला हसताना त्याने पाहिलं नव्हतं, म्हणून तो पुरुषापेक्षा त्या हसण्यालाच जास्त घाबरला.

बोशान वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. त्याला मलमाची काळजी होती. तिळाच्या तेलात मुळ्या तळायच्या, गाळायच्या, मग शेंदूर घालून ढवळत राहायचं, आणि तेल कुठल्या क्षणी चुलीवरून उतरवायचं ते हाताला कळावं लागतं. ही विद्या यान आडनावाबाहेर जायची नाही असा दंडक होता. बापाने ती दोन्ही मुलांना दिली. थोरल्याला मुळ्यांची नावं पोपटासारखी पाठ, पण हात म्हणाल तर नावाला नाही. त्याने केलेली पट्टी सकाळी गुडघ्यावर लावावी आणि संध्याकाळी बुटात शोधावी, असं गावात म्हणायचे. हात होता तो धाकट्याकडे, आणि धाकट्याने तो शेजारी उभं करून बायकोला दिला. आता ती दुसऱ्या आडनावात गेली की यान घराण्याकडे नुसती पाटी उरणार.

तेव्हा बोशानने मनाशी बेत केला. पहिला फू जवळ आला होता. वर्षातल्या सगळ्यांत कढत दिवसांतला हा पहिला दिवस. हिवाळ्याचं दुखणं उन्हाळ्यात मुळासकट उपटायचं, म्हणून त्या दिवशी भर दुपारी सगळं गणगोत यानांच्या अंगणात उघड्या पाठी करून बसायचं आणि आलं-मोहरीचा लेप लावून घ्यायचं. छी वैद्य यायचे, चुलते यायचे, पितरांच्या नावांच्या पाट्या समोर असायच्या. त्या सगळ्यांच्या देखत युनशूने उदबत्ती लावून पुन्हा लग्न न करण्याची शपथ घ्यावी, असं त्याने ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, तर पतीच्या मागे निष्ठेने राहिलेल्या सुनेची थोरवी सांगणारा सोनेरी अक्षरांचा एक फलकही त्याने रंगाऱ्याकडे करायला टाकला. कोणाला कळू देऊ नकोस म्हणून बजावलं. पण रंगाऱ्याचा खांदा धरलेला, आणि खांद्याला पट्टी लावून घ्यायला तो यायचा म्हातारीकडेच. पट्टी लावून होईपर्यंत त्याने फलकावरचा मजकूर तिला दोनदा म्हणून दाखवला.

म्हातारीने फक्त वैद्याला एक धुरावलेली डुकराची मांडी पाठवून दिली.

थोरली सून ल्यानयिंग हिची मात्र त्या दिवसांत फार ओढाताण झाली. नवऱ्याने फलकाचं सांगितलं तेव्हा ती आतून पेटली. फलक लागला म्हणजे जाऊ जन्मभर इथेच, आणि कोठीच्या किल्ल्या दोघींत. ती हळूच सासूच्या खोलीत गेली आणि म्हणाली, बिचारी तरुण आहे, तिचं आयुष्य आपण का अडवायचं, पेई काही वाईट नाही. सासूने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. तुझं मन मोठं आहे, म्हणाली. मग शरदापासून कढईवर तूच उभी राहा, ढवळायला दुसरं आहे कोण. त्या कढईचा धूर डोळ्यांत गेला की माणूस दिवसभर रडतं. ल्यानयिंग खोलीतून बाहेर आली ती फलकाच्या बाजूची होऊनच, आणि नवऱ्याला म्हणाली की अहो, सोनेरी अक्षरं जरा जाड काढायला सांगा.

युनशूला सगळं कळलं होतं. पेईला तिने आधीच नाही म्हणून सांगितलं होतं, सासूबाईंना टाकून कशी येऊ म्हणून. तो बरं म्हणाला होता आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नळी घेऊन आला होता. तिचं एक दुखणं मात्र तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिची मनगटं दुखायची. गार पाण्यात हात घातला की बोटं मिटायची नाहीत, आभाळ भरलं की आतून कोणी दाभण फिरवतंय असं वाटायचं. मलमवाल्यांच्या घरातलाच हात दुखतो हे बोलायची सोय नव्हती. म्हातारीने एकदाच तिची ढवळायची काठी हातातून निसटताना पाहिली होती.

फूच्या सकाळी म्हातारीने तिला बोलावून एवढंच सांगितलं की वैद्य विचारतील त्याचं खरं उत्तर दे आणि बाकी तोंड मिटून बस.

दुपारी अंगण पाठींनी भरलं. गोऱ्या पाठी, काळ्या पाठी, चुलत्यांच्या सुरकुतलेल्या पाठी. बोशान लेप कालवत होता, ल्यानयिंग थापत होती, लोक आई आई करत होते. फलक लाल कापडात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवला होता आणि जो तो त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता. छी वैद्य पंख्याने वारा घेत एकेकाची नाडी बघत होते. माणूस एका कानाने ठार बहिरा, पण कुठला कान ते सोयीप्रमाणे बदलायचं.

युनशूची नाडी त्यांनी पार चहा निवेपर्यंत धरली. मग डोळे उघडून म्हणाले की बुवा हे सांध्यांचं काम दिसतंय, आणि सांध्यांतलं आम्हा नाडीवाल्यांपेक्षा तुम्हा मलमवाल्यांना जास्त कळतं. बोशान, तूच बघ.

सगळ्यांसमोर इतका मान बोशानला आजवर कोणी दिला नव्हता. तो बाह्या सारून पुढे झाला. त्याने भावजयीची मनगटं दाबली, वळवली, मान हलवली. गार पाण्याने वाढतं का, विचारलं. वाढतं. पावसाआधी ठणकतं? ठणकतं. किती दिवसांपासून?

"बाळंत झाले तेव्हापासून," युनशू म्हणाली. तिने खरं तेच सांगितलं होतं.

आणि इथे बोशानच्या जिभेने घात केला. गल्ल्यावर बसून बसून त्या जिभेला एक वाक्य असं रुळलं होतं की ते आपोआप बाहेर पडायचं. जिच्या दुखण्याला मलमाचा गुण येत नसे त्या प्रत्येक बाईला तो तेच ऐकवायचा, म्हणजे मलमाचंही नाव राहायचं आणि बाईही मुकाट घरी जायची. त्या गल्लीतली निम्मी पोरं त्या वाक्यामुळे जन्मली, असं सुईण म्हणायची.

"मग त्याला मलम काय करणार?" तो म्हणाला. "बाळंतपणात शिरलेलं वारं बाळंतपणातच निघतं."

"वा," वैद्य म्हणाले. "माझंही अगदी हेच मत."

म्हातारी खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे वैद्यबुवा, हिला अजून एक बाळंतपण हवं म्हणायचं."

बोशानचा हात अजून भावजयीच्या मनगटावर होता. कोपऱ्यातली एक चुलती फिसकन हसली आणि तिच्या पाठीवरचा लेप ओघळला. बोशानने हात असा काढला, जसा काही चटका बसला. तो म्हणाला, तसं नव्हतं म्हणायचं मला, दुसरेही उपाय असतील. वैद्यांनी बहिरा कान पुढे केला. मग चांगल्या कानाने ऐकून म्हणाले, दुसरा उपाय कसला, अजून दोन-चार हिवाळे गेले की बोटं कोंबडीच्या पंजासारखी आखडतील आणि काठी धरता येणार नाही. आणि घास? घासही भरवावा लागेल.

ल्यानयिंगचा लेपाचा हात थबकला. कढईही आपल्याच माथी आणि वर जावेला घासही आपणच भरवायचा, हा हिशेब तिला बसल्या जागी कळला. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली की वैद्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नये, पाप लागतं. त्या दिवसांतली तिची ही तिसरी बाजू.

बोशानला घाम फुटला होता, पण तो काही अगदीच भोळा नव्हता. त्याला एक वाट दिसली आणि ती वाट खरंच भक्कम होती. तो पितरांच्या पाट्यांकडे वळून उभा राहिला. आवाज चढवून म्हणाला, "बाळंतपणात वारं शिरायला बाळंतिणीने गार पाण्यात हात घालावा लागतो. यान घराण्यात कुठल्याही सुनेला महिनाभर पाण्याला हात लावू दिलेला नाही. माझ्या आईने सुना तशा वागवल्या नाहीत. तेव्हा हे दुखणं बाळंतपणातलं नाहीच."

अंगणातल्या सगळ्या माना हलल्या. हा घराच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि सासूच्या तर होताच होता. बाळंतीण सुनेला गार पाण्यात घालणारी सासू म्हणजे आमच्याकडे लोक तिच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत. वैद्य चहाच्या पेल्यात बघायला लागले. डुकराच्या मांडीत एवढं बसत नव्हतं.

युनशूने सासूकडे पाहिलं. पुढे पुष्कळ वर्षांनी ती मला सांगायची, की त्या क्षणी मला एकीकडे पलीकडचा काठ दिसत होता आणि एकीकडे सासूबाईंचं तोंड, आणि ते तोंड इतकं म्हातारं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना चार लोकांत खाली बघायला लावून मला सुख नको होतं गं, ती म्हणायची.

"भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "मी महिनाभर खोलीतच होते. मनगट असंच कधीतरी दुखायला लागलं असेल."

झालं, असं सगळ्यांना वाटलं. बोशानने मोठा श्वास सोडला आणि लाल कापडाकडे हात नेला.

म्हातारी उठली. कोणाचा हात न घेता उठली.

"खोटं बोलतेय ती," म्हातारी म्हणाली. "मला वाचवायला बोलतेय. बोशान, ते कापड असू दे आणि इकडे बघ. मीच धाडलं होतं तिला नदीवर."

"आई, कशाला आता..."

"नव्या वर्षाचे दिवस होते. मोलकरीण गावी गेली होती. आणि हिला मुलगी झाली होती, मला मुलगा हवा होता. माझं डोकं फिरलं होतं. तुझ्या पोरीची दुपटी तू धू, म्हटलं मी. काठावर दहिवर गोठलं होतं. ही बाळंतीण, चालताना तोल जात होता हिचा. एक शब्द न बोलता गेली. परत आली तेव्हा हात लाल झाले होते, आणि त्याच हातांनी तिने मला चहा करून दिला." म्हातारीने युनशूच्या हातांकडे पाहिलं. "मी तो प्यायले. एकदा नाही, महिनाभर हेच चाललं होतं. तुझ्या बापाने विचारलं तर मी म्हटलं, आमच्या वेळी आम्ही हेच केलं. तेही खोटं होतं. माझ्या सासूने मला ऊन पाण्याशिवाय हात लावू दिला नव्हता."

लेप भाजत होते तरी अंगणात कोणी कण्हलं नाही.

"पितरांच्या समोर सांगतेय," ती म्हणाली. "लाज वाटते मला. त्या पोरीने माझ्यामुळे हात घालवले, पोर गेली, नवरा गेला, आणि वर मला झाकायला उभी राहते. आता तुमच्या फलकावर काय लिहायचं ते लिहा."

बोशानने डोळे पुसले, पण आलं-मोहरीचा हात डोळ्यांना लागल्यामुळे खरं कुठलं आणि मोहरीचं कुठलं ते कळेना. शेवटी तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "आणि मलम?"

त्याचं तेवढंच खरं दुखणं होतं, आणि म्हातारीला ते ठाऊक होतं. ती त्याच्यावर ओरडली नाही. मलम इथेच शिजेल, म्हणाली. कढई इथली, चूल इथली, आडनाव कढईचं आहे. युनशू पलीकडे राहील आणि मलमाच्या दिवशी होडीने येईल. तिने युनशूला विचारलं, येशील ना? युनशूने मान डोलावली. ल्यानयिंगने तेवढ्यात जाहीर करून टाकलं की होडीवाल्याला मीच सांगून ठेवते, तुम्ही काही काळजी करू नका. चुलत्यांनी विचारलं की मग नवरा कोण बघायचा, तेव्हा म्हातारी म्हणाली की त्याची चौकशी मी वसंतापासून करतेच आहे, माणूस चांगला आहे, हात हलका आहे, नेम चुकत नाही. हात हलका म्हणजे काय, असं बोशानने विचारलं. आज एवढं पुरे, म्हणाली.

लग्नात फार गाजावाजा झाला नाही. फलक रंगाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, तेव्हा ल्यानयिंगने तो उलटा करून लोणच्याच्या रांजणावर झाकण म्हणून वापरायला काढला, आणि बोशान पुढे कितीतरी दिवस लोणचं खात नव्हता.

दुसऱ्या हिवाळ्यात मी जन्मले.

म्हातारी त्याच दिवशी होडीत बसून आमच्या घरी आली, बरोबर कोंबड्या, आल्याची पोती आणि भाताची दारू घेऊन. माझ्या बापाच्या आत्याला तिने दारातूनच वाटेला लावलं. खिडक्यांच्या फटी कागदाने बुजवल्या, मग मला उचलून उजेडाकडे नेलं आणि म्हणाली, "पुन्हा मुलगीच." माझी आई घाबरून उठून बसली. पण म्हातारीने मला पोटाशी धरलं होतं ते सुईणीने मागितलं तरी देईना. त्या महिन्यात आईने पाण्याच्या थेंबाला हात लावला नाही. माझी दुपटी म्हातारी धुवायची, ऊन पाण्यात, आणि बापाला शिव्या देत लाकडं फोडायला लावायची. तिचं-माझं रक्ताचं काही नव्हतं, पण मी तिला आजी म्हटलं आणि तिच्या नातवंडांनी त्याला कधी हरकत घेतली नाही.

महिना संपला त्या दिवशी तिने आईचं मनगट हातात घेतलं. गेलं का, विचारलं. आईने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"गेलं, आई," ती म्हणाली.

त्यानंतर दर फूला आम्ही पलीकडे जायचो आणि जेवायला बसलं की म्हातारी तेच विचारायची, आणि माझी आई तेच सांगायची. वारं मात्र कुठेही गेलं नव्हतं. पाऊस यायच्या आधी आईची मनगटं मरेपर्यंत ठणकली. म्हातारीकडे जायचं असलं की ती त्यांवर पट्ट्या लावायची आणि त्या कढत दिवसांत लांब बाह्या घालायची. आता त्या मलमात कापूर, कस्तुरी, जळका शेंदूर. त्या वासात म्हातारीचा सगळा जन्म गेला होता. ती आईच्या शेजारी बसायची, एकदा नाक वर करायची, एकदा बाहीकडे बघायची.

"बरं झालं," म्हणायची, आणि ताटातला सगळ्यांत मोठा मांसाचा तुकडा उचलून माझ्या आईच्या वाडग्यात घालायची.